दाखल्यातली इंग्रजी

ग्लासगो, जून

बारावीचे आणि पदवीचे निकाल हाती आले, म्हणजे शिरपूरहून मला फोन येऊ लागतात, आणि बोलणारा करवंद नाक्याचा असो की तापीकाठच्या एखाद्या गावचा, त्याच्या बोलण्याचा मजकूर एकच असतो : ‘ताई, तिकडच्या युनिव्हर्सिटीला आयईएलटीएसचे किती बँड लागतात, आणि कॉलेजने इंग्रजी माध्यमाचा दाखला दिला तर ती परीक्षा टळते का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. दुसऱ्यासाठी मात्र हे पत्र लिहावे लागत आहे, कारण त्या प्रश्नाच्या पोटात आपल्याकडची एक जुनी समजूत दडलेली आहे, आणि इथे नऊ वर्षे काढल्यावर ती समजूत मला पूर्वीपेक्षा अधिक अस्वस्थ करू लागली आहे.

आधी नियम थोडक्यात सांगते. येथील ग्लासगो विद्यापीठात बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना एकंदर साडेसहा बँड लागतात, आणि ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारांपैकी कोणत्याही अंगात सहाच्या खाली येऊन चालत नाही. परीक्षेची फी आपल्याकडे १७-१८ हजार रुपयांच्या घरात गेली आहे. अर्धा बँड कमी पडला, तर सत्राच्या आधी काही आठवड्यांचा भाषावर्ग करून प्रवेश मिळवण्याची सोय बऱ्याच विद्यापीठांनी ठेवली आहे, त्याचे पैसे अर्थात वेगळे. व्हिसासाठी ही परीक्षा प्रत्येकाला अटळ आहे ही समजूत मात्र खरी नव्हे : पदवीच्या व त्यापुढच्या शिक्षणासाठी विद्यार्थ्याची इंग्रजी पारखण्याची मुभा ब्रिटिश सरकारने विद्यापीठांनाच दिली आहे, आणि म्हणूनच काही विद्यापीठे बारावीचे इंग्रजीचे गुण ग्राह्य धरतात, काही माध्यमाचा दाखला मान्य करतात, तर काही दोहोंनाही नकार देतात. ज्या विद्यापीठात जायचे, त्याचा भारतापुरता नियम स्वतः वाचावा. एजंटाच्या तोंडून ऐकू नये.

या नियमांतल्या दोन गोष्टी मला आजही खटकतात. ज्या देशांच्या नागरिकांना इंग्रजी सिद्ध करावी लागत नाही, त्यांची एक यादी इथल्या सरकारने केली आहे. तीत जमैका आहे, गयाना आहे, माल्टा आहे, आणि १८५७ पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील विद्यापीठांतून इंग्रजीत पदव्या घेत आलेला भारत नाही. दुसरी गोष्ट गुणपत्रकाच्या मुदतीची. दोन वर्षे उलटली की ते रद्द. ज्याने एकदा साडेसात बँड मिळवले, त्याचीही भाषा तिसऱ्या वर्षी नासली असे धरून चालायचे आणि त्याच्याकडून पुन्हा तेवढीच रक्कम भरून घ्यायची, ही रीत मला न्यायाची वाटत नाही.

परंतु परीक्षा घेणे हाच अपमान, असे जे आपल्याकडे बोलले जाते, ते मला पटत नाही. १८१८ साली पेशवाई संपून खानदेश इंग्रजी अंमलाखाली गेला. त्या राजवटीत इकडे नेमणूक होऊन येणाऱ्या मुलकी अधिकाऱ्यांना मुलखाच्या भाषेची परीक्षा द्यावी लागे, आणि मोल्सवर्थसारख्या माणसाने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून मराठी-इंग्रजी कोश रचला, तो १८३१ मध्ये छापून निघाला. कचेरीच्या दाराशी आलेल्या रयतेची तक्रार ज्याला कळत नाही, त्याचा हुद्दा कितीही मोठा असो, त्याचा उपयोग काय? वर्गाच्या दाराशी उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यालाही तोच प्रश्न लागू पडतो, एवढे मी मान्य करते.

माझी स्वतःची पहिली परीक्षा नाशिकला झाली. शिकवणीवाल्यांनी वीस निबंध घोटून घेतले होते, आणि धुळ्याहून निघालेल्या एसटीत चांदवडच्या घाटापर्यंत मी ते मनाशी म्हणत होते. तोंडी परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते. तिच्या मधल्या भागात परीक्षक हातात एक चिठ्ठी देतात, विचाराला एक मिनिट आणि कागद-पेन्सिल देतात, आणि मग दोन मिनिटे तुम्हीच बोलायचे. माझ्या चिठ्ठीवर लिहिले होते, आपल्या परिचयाच्या एखाद्या जलाशयाचे किंवा नदीचे वर्णन करा. मी अरुणावतीच्या काठी वाढलेली मुलगी. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या पात्रातून पलीकडे चालत जाणे, पहिला पूर आला की पुलाच्या कठड्याशी होणारी गर्दी, खंडेराव महाराजांच्या यात्रेत रात्री दिसणारे पाळण्यांचे दिवे, हे सारे माझ्या डोळ्यांपुढे कायम असते. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघाली ती ताजमहालामागची यमुना, कारण पाठ केलेल्या वीस निबंधांत तीच एक नदी होती. चाळीस सेकंदांत ती संपली. परीक्षक बाईंनी शांतपणे विचारले, ‘तुम्ही तिथे कधी गेला होता?’ मी ‘नाही’ म्हटले, आणि पुढचे सव्वा मिनिट खोलीतल्या घड्याळाखेरीज काही ऐकू आले नाही. बोलण्यात मला साडेपाच मिळाले.

त्या निकालाने मी रडले, पण खरे दुःख पुढे कित्येक महिन्यांनी समजले. पाचवीपासून पदवीपर्यंत इंग्रजी हा विषय मी शिकले, आणि एवढ्या काळात अरुणावतीविषयी इंग्रजीत बोल असे मला एकदाही कोणी सांगितले नाही. २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली, गावोगाव सेमी-इंग्रजीच्या तुकड्या निघाल्या, तरी गाइडमधली उत्तरे फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत उतरवण्याचा परिपाठ बऱ्याच ठिकाणी तसाच आहे, हे मी सुट्टीत भाच्यांच्या वह्या चाळते तेव्हा दिसते.

दुसऱ्या खेपेला सात बँड मिळवून मी ग्लासगोला आले, आणि पहिल्याच आठवड्यात ते सात बँड अपुरे पडले. मी ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. एका दुपारी कोट चढवताना त्या म्हणाल्या, मी ‘मेसेजेस’ आणायला चालले. माझे वडील तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात होते, घरचा फोन लागत नव्हता. बाईंना कुठून तरी माझ्यासाठी निरोप आला असावा अशा समजुतीने मी जिन्यात दोन तास बसून राहिले. बाई परतल्या त्या बटाटे, दूध आणि पाव घेऊन. स्कॉटलंडात बाजारहाटाला ‘मेसेजेस’ म्हणतात, दोन पावांत काही घालून खायचे त्याला ‘पीस’ म्हणतात, आणि हे बोलताना कोणाचाही आवाज खाली जात नाही. मी का बसून होते हे कळल्यावर बाईंनी आधी मला चहा करून दिला आणि मग टेबलाशी बसवून असे चाळीसेक शब्द एका कागदावर लिहून दिले. तो कागद माझ्या गुणपत्रकाच्या फाइलीत आहे.

लंडनची इंग्रजी हीच इंग्रजी, असे मानून आपली मुले इकडे येतात. ज्या विद्यापीठात मी शिकले ते १४५१ चे. तिथे शेकडो वर्षे व्याख्याने लॅटिनमध्ये होत. १७३० च्या सुमारास फ्रान्सिस हचिसन नावाच्या तत्त्वज्ञान्याने इंग्रजीत व्याख्याने देण्यास आरंभ केला, ती त्या काळी नवलाची गोष्ट होती. आज याच शहरात २००६ पासून गेलिक भाषेतून बालवर्गापासून शालान्त वर्गापर्यंत शिकवणारी शाळा चालते, आणि २०२५ मध्ये इथल्या संसदेने गेलिक व स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा संमत केला. हे वाचले त्या दिवशी मला आमच्या शाळेचे आवार आठवले. तिथे ‘कसा शे भाऊ?’ असे विचारणाऱ्या मुलाला ‘नीट बोल, अहिराणी घरी’ म्हणून दटावले जाई. घरी अहिराणी, शाळेत मराठी, पेठेतल्या दुकानात गुजराती आणि आग्रा रोडवरच्या ट्रकवाल्यांशी हिंदी, अशा चार भाषांत रोज वावरणाऱ्या मुलाला आपण ‘याला भाषा येत नाही’ असे ठरवून बारा-पंधरा वर्षे गप्प बसवतो, आणि मग त्याला एकदम पाचव्या भाषेत दोन मिनिटे बोल म्हणतो.

आता दाखल्याकडे येते. दीड वर्षापूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका मुलाने मला अशा दाखल्याचा फोटो पाठवला. जावक क्रमांक, गोल जांभळा शिक्का, सही, सारे यथास्थित. मजकूर असा की सदर विद्यार्थ्याचे अभियांत्रिकीचे चारही वर्षांचे अध्यापन संपूर्णपणे इंग्रजी माध्यमातून झाले आहे. विद्यापीठाने तो स्वीकारला नव्हता, परीक्षाच द्या म्हणून कळवले होते. त्याचे वडील फोनवर आले, शेतकरी माणूस, आवाजात ताण. ‘ताई, दाखला खोटा शे का?’ मी म्हटले, ‘दादा, खोटा नाही. पुस्तके इंग्रजीत होती, प्रश्नपत्रिका इंग्रजीत होत्या.’ मग मी मुलाला फोन द्यायला सांगितले आणि त्याला म्हटले, तुझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मला इंग्रजीत सांग.

पलीकडे शांतता. ‘माय प्रोजेक्ट इज बेस्ड ऑन’ एवढे तीनदा म्हणून तो थांबला. मग मी म्हटले, अहिराणीत सांग. आणि तो मुलगा वीस मिनिटे थांबला नाही. शेताची लाईट रात्रीची येते. बाप झोपेतून उठून विहिरीवर जाऊ नये म्हणून लोक मोटर ऑटोवर टाकतात. पण विहिरीत पाणी नसले तर मोटर कोरडी चालते आणि जळते, तिसरा फेज गेला तरी जळते, आणि एकदा मोटर भरायची म्हणजे कित्येक हजार गेले. याने स्टार्टरला जोडायची एक पेटी केली होती. ती फेज तपासते, पाण्याची पातळी तपासते, दोन्ही ठीक असतील तरच मोटर सुरू करते आणि बापाच्या मोबाइलवर निरोप पाठवते. केळीच्या बागेत ती एक हंगाम चालवून पाहिलेली. कोणता सुटा भाग का निवडला, पहिली पेटी पावसात का बिघडली, हे सगळे त्याला तोंडपाठ नव्हे, हातपाठ होते. चार वर्षांत त्याला हे इंग्रजीत सांगायला कोणी लावले नव्हते, प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेतसुद्धा नाही. तिथे अहवालावर सही झाली आणि पुढचा गट आत गेला.

वर्गात मास्तरांनी मराठी-हिंदीत समजावून सांगितले, याला मी दोष देत नाही. समजते ते तसेच समजते. पण समजलेले मुलाकडून इंग्रजीत परत मागितले गेले नाही, आणि तरीही शिक्का मारून ते झाल्याचे लिहून दिले, हे मला मान्य नाही. ती लबाडी आहे असे मी म्हणत नाही. मुलाचे काम व्हावे ही इच्छा त्यामागे असते, हे मी जाणते. पण असे दाखले इतके निघाले आहेत की परदेशातल्या टेबलावर आता खराही दाखला बाजूला सारला जातो, आणि त्याचा भुर्दंड शिरपूरच्या बापाच्या खिशातून जातो.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा अशी परीक्षा नव्हती आणि दाखला देणारे कॉलेजही त्यांच्यामागे नव्हते. पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिले, त्यात आपल्या पूर्वशिक्षणातील उणीव लपवली नाही, आपण का शिकू इच्छितो ते सांगितले, आणि १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. ते पत्र त्यांच्या हातचे होते, हाच त्यांच्या इंग्रजीचा पुरावा.

त्या मुलाला मी शिकवणी लावू दिली नाही. दर रविवारी, इकडे सकाळी आणि तिकडे दुपारी, आम्ही तासभर बोलत असू. आधी अहिराणीत, मग मराठीत, मग तेच इंग्रजीत. विहीर, डीपी, बापाचे गुडघे, बाजारातला केळीचा भाव. व्याकरण मी पहिले दोन महिने सुधारलेच नाही. पाचव्या महिन्यात तो नाशिकला जाऊन परीक्षा देऊन आला. चिठ्ठीवर आले होते, तुम्ही दुरुस्त केलेल्या एखाद्या वस्तूविषयी सांगा. दोन मिनिटे झाल्यावर परीक्षकांना त्याला थांबवावे लागले. बोलण्यात सात, एकंदर साडेसहा.

गेल्या सप्टेंबरात तो इथे आला, आणि खोली मिळेपर्यंत आमच्या त्याच घरमालकीणबाईंकडे उतरला. बाई आता थकल्या आहेत, जिना उतरताना कठडा धरतात. शनिवारी दुपारी त्यांनी कोट घातला, दाराशी खुंटीवरची पिशवी काढली आणि ‘मेसेजेस’ आणायला चालले म्हणाल्या. मी त्याला काही सांगायला वळणार, तोच त्याने बाईंच्या हातातली पिशवी पाहिली, ‘आय विल कॅरी’ म्हणून ती घेतली, आणि त्यांच्या आधी दोन पायऱ्या उतरून, त्यांना हात देण्यासाठी उभा राहिला.