वैद्यकशिक्षणासाठी कोणता देश?

बंगळुरूच्या शिवाजीनगर भागात गोषा हॉस्पिटल या नावाने ओळखले जाणारे एक जुने रुग्णालय आहे. हाजी सर इस्माईल सेट या दानशूर व्यापाऱ्याच्या औदार्यातून ते उभे राहिले. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना परपुरुषाच्या दृष्टीस न पडता औषधोपचार मिळावेत हा त्यामागील हेतू होता. गोषा या शब्दाचा अर्थच मुळी पडदा. पुढे सर्वच धर्मांच्या स्त्रिया तेथे बाळंतपणासाठी येऊ लागल्या. त्या पडद्याआडच्या स्त्रियांच्या पणत्या आज स्वतः डॉक्टर होऊ पाहत आहेत, आणि शिवाजीनगर, फ्रेझर टाऊन, टॅनरी रोड या भागांतील कित्येक घरांत दरवर्षी जून महिन्यात एकाच प्रश्नाची चर्चा चालते : मुलीला किंवा मुलाला वैद्यकीच्या अभ्यासासाठी कोणत्या देशात पाठवावे?

प्रश्न उद्भवतो तो जागांच्या टंचाईतून. २०२५ साली ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा बावीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशात मिळून सव्वा लाखाच्या आतबाहेर. त्यांतील निम्म्याच्या सुमारास सरकारी, म्हणजे मध्यम उत्पन्नाच्या माणसाला परवडणाऱ्या. खासगी महाविद्यालयांतील उरलेल्या जागांचे शुल्क ऐकून लहान दुकानदाराने किंवा शाळामास्तराने गप्प बसावे, अशीच स्थिती आहे. मग वर्तमानपत्रातील जाहिराती नजरेत भरतात. ‘कमी खर्च, इंग्रजी माध्यम, हलाल भोजन, मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृह, मुस्लिम देश’, अशी त्यांची भाषा असते. बाप कागदावर हिशेब मांडतो, आई नमाजाची व रोज्याची चौकशी करते, आणि दोघांचेही समाधान होईल असा एखादा देश नकाशावर शोधला जातो.

या शोधात मुस्लिम देश म्हणजे मुस्लिमांना सोयीचा देश, असे एक गृहीत दडलेले असते. ते तपासून पाहिले पाहिजे. कर्नाटकात २०२२ साली पदवीपूर्व महाविद्यालयांतील हिजाबवरून मोठा वाद झाला. राज्य सरकारने गणवेशासंबंधी काढलेला आदेश उच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या मार्चमध्ये उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबरमध्ये दोन न्यायाधीशांची मते परस्परविरुद्ध पडली. त्या काळात पुष्कळ आईबापांनी मनाशी ठरवले, की मुलीचे पुढील शिक्षण एखाद्या मुस्लिम देशातच करावे. परंतु मध्य आशियातील ज्या देशांकडे त्यांची दृष्टी वळली, ते सत्तर वर्षे सोव्हिएत राजवटीखाली वाढलेले. तेथील सरकारे धर्मनिरपेक्ष आहेत आणि धार्मिक वेषाकडे संशयाने पाहतात. चेहरा झाकण्यास उझबेकिस्तानने २०२३ साली, तर किर्गिझस्तान व कझाकस्तान यांनी २०२५ साली कायद्याने बंदी घातली. ताजिकिस्तानने २०२४ साली ‘परक्या’ पोशाखाविरुद्धच कायदा केला. डोक्यावरचा रुमाल आणि चेहऱ्यावरचा नकाब यांत कायदा भेद करतो हे खरे. तरीही विशिष्ट विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे, हे लेखी विचारून घेतल्यावाचून पैसे भरणे धाडसाचे ठरेल. शिवाय शस्त्रक्रियागृहात कोपरापर्यंतचे हात उघडे ठेवून निर्जंतुक करावे लागतात, आणि हा नियम ढाक्यात, ताश्कंदात व बंगळुरूत सारखाच आहे.

अन्नाचा प्रश्न त्या मानाने सोपा. मध्य आशियात हलाल मांस मिळण्यास अडचण नाही, मात्र कझाक व किर्गिझ ताटात घोड्याचे मांस मानाने वाढले जाते. इमाम अबू हनिफांनी ते अप्रिय मानले. शाफई पंथात ते चालते. म्हणजे बंगळुरूचा हनफी विद्यार्थी जेथे हात आखडेल, तेथे रत्नागिरीचा कोकणी मुस्लिम किंवा भटकळचा नवायत, दोघेही शाफई, निःशंक जेवील. अर्थात ते मांस घशाखाली उतरले तर! जॉर्जिया हा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती देश. तरी तिबिलिसीत जुनी जुमा मशीद आहे, आणि बातूमीच्या आसपास मुस्लिमांची वस्ती आहे. रशियातील कझान ही तातार मुस्लिमांची राजधानी. तेथील वैद्यकशिक्षणाची परंपरा १८१४ पासूनची, आणि २००५ साली पुन्हा उभारलेली कुलशरीफ मशीद शहराच्या किल्ल्यातच उभी आहे. शुक्रवारची साप्ताहिक सुटी मात्र बांगलादेश, इजिप्त व इराण येथेच मिळेल. मध्य आशियात शनिवार-रविवार सुटी असते, आणि जुम्याच्या नमाजाची वेळ तासिकांमधून काढावी लागते.

उत्तरेकडील देशांत उन्हाळ्यातील दिवस फार मोठे, म्हणून रोजे अवघड, असे म्हटले जाते. कझानला जून महिन्यात सूर्य साडेसतरा तास आकाशात असतो, तेव्हा ही भीती निराधार नाही. परंतु चांद्रवर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. २०२६ साली रमजान फेब्रुवारीत येतो. २०३० साली तर तो एकाच इसवी सनात दोनदा, जानेवारीच्या आरंभी व डिसेंबरच्या अखेरीस येणार आहे. आज प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला बहुतेक सर्व रोजे हिवाळ्यातील, म्हणजे लहान दिवसांचे मिळतील. बंगळुरूच्या रोज्याहून ते लहानच. अडचण येईल ती वेगळी : रशियन पद्धतीच्या विद्यापीठांत जानेवारी हा सत्रपरीक्षेचा महिना असतो.

या सर्व गोष्टी महत्त्वाच्या खऱ्या, परंतु मुलगा परत आल्यावर त्याला डॉक्टर म्हणून काम करता येईल की नाही, याचे उत्तर त्यांत नाही. ते उत्तर दिल्लीतील राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ मधील विनियमांत आहे. त्यानुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असला पाहिजे. त्याच संस्थेत आणखी १२ महिने प्रत्यक्ष रुग्णसेवेचे प्रशिक्षण झाले पाहिजे. आणि त्या देशाच्या नागरिकास जसा व्यवसायाचा परवाना मिळतो, तसाच तो या पदवीधरालाही मिळण्याजोगा असला पाहिजे. परतल्यावर भारतात पुन्हा १२ महिन्यांचे प्रशिक्षण आहेच, आणि हे सारे दहा वर्षांच्या आत पुरे व्हावे लागते. ‘नीट’ उत्तीर्ण होणे परदेशी जाणाऱ्यांनाही २०१८ पासून आवश्यक आहे. ‘नीट नको’ असे सांगणारा दलाल पुढील आयुष्यभराचा परवाना पहिल्याच दिवशी बुडवीत असतो. आयोग कोणत्याही परदेशी महाविद्यालयाला मान्यता देत नाही, तशी यादीही ठेवत नाही; तरीही ‘आयोगमान्य’ हा शब्द जाहिरातींत सर्रास छापलेला आढळतो.

यानंतर येते परदेशी वैद्यक पदवीधरांची परीक्षा. २००२ पासून ती वर्षातून दोनदा होते. तीनशे प्रश्न असतात, उत्तीर्ण होण्यास दीडशे गुण लागतात. हा निकष पाहता परीक्षा फार कठीण नसावी असे वाटेल. पण अलीकडील वर्षांत बसणाऱ्यांपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्सा उत्तीर्ण होतो, आणि जून २०२३ मध्ये तर तो दहाव्या हिश्शापर्यंत खाली आला होता. उरलेल्यांतील कित्येक जण वर्षानुवर्षे शिकवण्यांचे शुल्क भरीत पुन्हा पुन्हा बसतात. परीक्षा घेणारे मंडळ देशवार व संस्थावार निकाल प्रसिद्ध करीत आले आहे. भोजनगृहाची छायाचित्रे पाहण्यापूर्वी आईबापांनी हे तक्ते पाहावेत. त्यांत बांगलादेशातून आलेल्यांचा निकाल मध्य आशियातून आलेल्यांपेक्षा सामान्यतः बराच चांगला दिसतो.

त्याचे कारणही उघड आहे. बांगलादेशातील पाच वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची उमेदवारी ही भारतीय धर्तीची. पुस्तके तीच, आणि रोगही तेच : हिवताप, डेंग्यू, क्षय, विषमज्वर, सर्पदंश. रुग्णालये गजबजलेली असल्यामुळे विद्यार्थ्याचा हात रुग्णाला लागतो. बंगाली काही महिन्यांत कानावर बसते. याउलट इंग्रजी माध्यमाच्या किर्गिझ विद्यापीठात व्याख्यान इंग्रजीत होते खरे, पण खाटेवरील म्हातारी किर्गिझ किंवा रशियन बोलते. जो विद्यार्थी तिची भाषा शिकत नाही, तो रुग्णाजवळ उभा राहून सहा वर्षे नुसता पाहत राहतो. येथे एक गोड गैरसमजही आहे. लहानपणापासून कुराण वाचलेल्या मुलास इजिप्त सोपे जाईल असे घरच्यांना वाटते. कैरोतील कस्र अल-ऐनी ही १८२७ साली स्थापन झालेली थोर संस्था. पण कैरोच्या गल्लीतील बोली आणि कुराणाची अरबी यांत एवढे अंतर आहे, की अक्षरे ओळखणाऱ्यालाही पोटदुखीची तक्रार कळू नये. त्या मानाने उझबेकीत ‘दर्द’ हा शब्द आहे, रुग्णाला ‘बेमोर’ म्हणतात, आणि आपला ‘बिमार’ त्यात सहज ओळखू येतो.

उझबेकिस्तानचे आकर्षण आणखी एका कारणाने आहे. इब्न सिना हा वैद्यकाचा महापंडित ९८० साली बुखाऱ्याजवळ जन्मला, आणि बुखाऱ्याच्या वैद्यक संस्थेला त्याचेच नाव आहे. त्याच्या परंपरेतील युनानी वैद्यकाचे उच्च शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था मात्र खुद्द बंगळुरूत, मागडी रस्त्याच्या बाजूस आहे, हे तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

सुरक्षिततेचा विचार करताना धर्माचे नाते कितपत कामी येते, हेही पाहावे. १७ मे २०२४ च्या रात्री बिश्केक शहरात जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले. मारणारे मुस्लिम आणि मार खाणाऱ्यांतील बहुतेक पाकिस्तानी, म्हणजे तेही मुस्लिम. त्याच वर्षी जुलैमध्ये बांगलादेशात विद्यार्थी आंदोलन पेटले, संचारबंदी लागली, आणि भारतीय विद्यार्थी हजारोंनी सीमा ओलांडून परतले. जून २०२५ मध्ये इराणवर बॉम्ब पडू लागले तेव्हा तेथील भारतीय विद्यार्थ्यांना, त्यांत काश्मीरचे पुष्कळ होते, आर्मेनियामार्गे बाहेर काढावे लागले. त्यापूर्वी १ मार्च २०२२ रोजी खारकीव्ह येथे अन्नासाठी रांगेत उभा असलेला हावेरी जिल्ह्यातील एक वैद्यकविद्यार्थी तोफांच्या माऱ्यात मरण पावला. त्याचा मृतदेह बंगळुरूच्या विमानतळावर उतरला, तेव्हा प्रश्न केवळ मुस्लिम घरांचा नाही हे साऱ्या कर्नाटकाला दिसले. कोणता देश उद्या शांत राहील हे सांगता येत नाही. पण भारतीय वकिलात किती दूर आहे आणि जमिनीवरून बाहेर पडण्याचा मार्ग आहे की नाही, हे आज पाहता येते. पाकिस्तानचा विचार तर सोडूनच द्यावा : डिसेंबर २०१८ नंतर भारताच्या गृहखात्याची अनुमती न घेता तेथे प्रवेश घेणाऱ्यास भारतात परीक्षेलाच बसता येत नाही.

आता खर्च. किर्गिझस्तानात राहणे-जेवणे धरून साधारण वीस-पंचवीस लाखांत शिक्षण होते. बांगलादेशातील खासगी महाविद्यालयात त्याच्या दुपटीच्या जवळपास जाते. हे आकडे आजच्या डॉलरच्या भावाचे. २०१९ साली सत्तर रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२५ साली पंच्याऐंशीच्या पुढे गेला. सहा वर्षांचे शुल्क डॉलरमध्ये भरणाऱ्याने हा उतार आधीच हिशेबात धरावा. प्रवास, परतल्यावरच्या शिकवण्या आणि बिनपगारी गेलेली वर्षे दलालाच्या पत्रकात नसतात. त्यातून धर्मनिष्ठ घराची एक विशेष अडचण असते : व्याज निषिद्ध, म्हणून बँकेचे कर्ज नको. मग आईचे दागिने, शहराबाहेरचा तुकडा, नात्यातील भिशी यांवर भार पडतो. अशा साठवणीवर कुणाची नजर असते, हे बंगळुरूने पाहिले आहे. ‘हलाल’ नफ्याचे आमिष दाखवून ठेवी गोळा करणारी शिवाजीनगरातील एक कंपनी २०१९ साली बुडाली, आणि त्यात मुलींच्या लग्नाचे व मुलांच्या शिक्षणाचे पैसे हजारो घरांनी गमावले. जाहिरातीतील ‘हलाल’ हा शब्द वाचताना ती आठवण या शहरात तरी जागी असावी. कर्नाटक अल्पसंख्याक विकास महामंडळाची ‘अरिवु’ ही कर्जयोजना आहे. अरिवु म्हणजे कन्नडमध्ये ज्ञान. तिची चौकशी दलालाकडे जाण्याआधी करावी. विजापूरचे अल-अमीन आणि गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज ही मुस्लिम संस्थांची वैद्यकीय महाविद्यालये राज्यातच आहेत. थोड्या गुणांनी जागा हुकलेल्या मुलीने एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणे हे परदेशातील सहा वर्षांपेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि घरात नमाजाची चटई कोठे पसरावी हा प्रश्नही उरत नाही.

इतके करूनही जाणे अटळ असेल, तर पैसा बेताचा असणाऱ्याने मध्य आशियातील जुन्या सरकारी विद्यापीठाचा आणि थोडी अधिक ऐपत असणाऱ्याने बांगलादेशाचा विचार करावा. भाषा शिकण्याची तयारी नसणाऱ्याने दोन्हींचा करू नये. विद्यापीठाकडून अभ्यासक्रमाचे महिने, प्रशिक्षणाचे रुग्णालय, अध्यापनाची भाषा आणि स्थानिक परवान्याची हमी ही चार उत्तरे विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी मागवावीत, दलालाच्या नव्हे. ती कागदपत्रे सहा वर्षे जपून ठेवावीत. परतल्यावर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला कर्नाटक वैद्यक परिषदेच्या कचेरीत एक वर्षाच्या उमेदवारीसाठी अर्ज करताना हेच कागद मागितले जातात, आणि रुग्णालयांतून परदेशी पदवीधरांसाठी राखलेल्या जागा थोड्या असल्यामुळे तेथेही आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते.