उकळता पाक आणि पंपाची निवड

गुलाबजाम संपल्यावर उरलेला पाक दुसऱ्या दिवशी वाटीतून ओतून पाहा. आदल्या दिवशी गरम असताना तो पाण्यासारखा धावत होता. आज मधासारखा संथपणे उतरतो. पाक तोच, साखरही तेवढीच. बदलले ते फक्त तापमान. या साध्या गोष्टीमुळे दूर कॅनडातील शेतकऱ्यांपुढे एक पेच उभा राहतो, आणि तो सोडवायला तुमच्या शाळेतील भौतिकशास्त्र पुरेसे आहे. कसे ते पाहू.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात आणि अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात शुगर मेपल नावाचे वृक्ष वाढतात. हिवाळा सरताना रात्री पाणी गोठेल अशी थंडी आणि दिवसा ऊन असे हवामान आले, की या झाडांच्या खोडाला लहानसे भोक पाडून रस गोळा करतात. या रसात साखर असते अवघी २ टक्क्यांच्या आसपास. ती ६६ टक्क्यांपर्यंत येईतो रस आटवायचा, म्हणजे मेपलचा पाक तयार होतो. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक हाती लागतो! हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. तेव्हा एक लिटर पाक बिघडला, तर ४० लिटर रस आणि तो आटवायला लागलेले इंधनही वाया गेले असे समजा.

आपल्याकडे गुऱ्हाळात उसाचा रस उकळू लागला, की मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. मेपलच्या पाकातील गाळ मात्र इतका सोयीचा नसतो. रसात कॅल्शियम आणि मॅलिक आम्ल विरघळलेले असतात. पाणी आटत गेले, की त्यांना विरघळून राहायला जागा पुरत नाही आणि कॅल्शियम मॅलेटचे बारीक कण वेगळे होतात. तिकडचे लोक त्याला 'साखरवाळू' म्हणतात. पण ती मुख्यतः साखर नव्हे. हे कण पाकात तरंगत राहतात. पाक गढूळ दिसतो आणि जिभेला कचकच लागते. म्हणून तो गाळावाच लागतो.

गाळण्यासाठी 'फिल्टर प्रेस' वापरतात. यात अनेक चौकटी आणि गाळणकागद एकापुढे एक ठेवून घट्ट आवळलेले असतात. पाकात डायॅटम माती मिसळतात. ही माती म्हणजे डायॅटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची सिलिकाची कवचे. कागदावर या मातीचा थर बसतो; तो सच्छिद्र असल्यामुळे पाक पलीकडे जातो आणि साखरवाळू अडकते. परंतु या थरातून पाक आपोआप पुरेशा वेगाने जात नाही. त्याला दाबाने ढकलावे लागते, आणि त्यासाठी हवा पंप.

गाळणी म्हणते गरम, पंप म्हणतो थंड

द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात. २० अंश सेल्सिअसला या पाकाची श्यानता पाण्याच्या सुमारे दीडशे ते दोनशे पट असते. ८० अंशांना ती उतरून थंड पाण्याच्या दहा-बारा पटींवर येते. थरातून दर मिनिटाला जाणारा द्रव हा दाबाच्या सम प्रमाणात आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे थंड पाक त्याच वेगाने गाळायचा, तर दाब पंधरा पटींच्या आसपास वाढवावा लागेल! म्हणून पाक कढत असतानाच गाळणे शहाणपणाचे.

आता पंपाकडे वळू. पंप द्रव ओढतो, असे आपण सहज म्हणतो. पण ते खरे नाही. पंप आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, आणि बाहेरचे वातावरण द्रवाला नळीतून वर ढकलते. वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर स्तंभाइतका. मात्र नळीतील दाब द्रवाच्या बाष्पदाबाखाली गेला, की द्रव तिथेच उकळू लागतो. मग पंपात पाकाऐवजी वाफ भरते आणि पंप नुसताच फिरत राहतो. शिवाय वाफेचे बुडबुडे जास्त दाबाच्या जागी पोचताच फुटून मिटतात. त्या धक्क्यांनी पंपात खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो आणि धातूही झिजतो.

हिशेब करून पाहू. ९० अंशांच्या पाकाचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ४६ सेंटिमीटर असतो. उरला दाब ७६ वजा ४६, म्हणजे ३० सेंटिमीटर. पाऱ्याची घनता १३.६ आणि गरम पाकाची सुमारे १.३ धरली, तर

३० × १३.६ ÷ १.३ = सुमारे ३१४ सेंटिमीटर.

म्हणजे पाक जास्तीत जास्त तीन मीटर चढेल. नळीतील घर्षण धरले तर त्याहूनही कमी. थंड पाणी याच रीतीने दहा मीटरांपर्यंत चढते. आणि पाक नुकताच चुलीवरून उतरलेला, म्हणजे सुमारे १०४ अंशांवर उकळणारा असेल तर? द्रव उकळतो तेव्हा त्याचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाइतका झालेला असतो. शिल्लक शून्य! जगातील कितीही महाग पंप आणला, तरी असा पाक तो एक बोटभरही वर चढवू शकणार नाही.

मग उपाय? तो पंपात नाही, पंपाच्या जागेत आहे. पाकाची टाकी वर ठेवा आणि पंप खाली. टाकीतील पाकाची पातळी पंपापेक्षा १ मीटर उंच असली, तर पंपाच्या तोंडाशी १०० × १.३ ÷ १३.६, म्हणजे पाऱ्याच्या साडेनऊ सेंटिमीटरइतका जादा दाब फुकट मिळतो. टाकीपासून पंपापर्यंतची नळी आखूड आणि रुंद हवी. प्रवाह कमी करायचा झाल्यास तोटी पंपाच्या पुढे बसवावी, मागे कधीच नाही.

कोणता पंप?

विहिरीवर असतो तो केंद्रोत्सारी पंप स्वस्त आणि सुटसुटीत. परंतु त्याचा दाब पात्यांच्या वेगावर अवलंबून असतो. थर जाड होऊन विरोध वाढला, की त्याचा प्रवाह झपाट्याने घटतो. शिवाय वेगवान पात्यांनी डायॅटमची नाजूक कवचे फुटून त्यांचा भुगा होऊ शकतो, आणि भुग्याचा थर लवकर तुंबतो.

दातेरी चक्रांच्या पंपात दात्यांमधल्या खाचांतून द्रव पुढे नेला जातो. प्रत्येक फेऱ्याला ठरावीक पाक पुढे जाणारच, मग विरोध कितीही असो. दाट द्रवासाठी हा उत्तम. पण सिलिकाच्या कणांनी दाते झिजतात. आणखी एक मोठा धोका आहे. गाळणी पूर्ण तुंबली तरी चक्रे ढकलतच राहतात. दाब चढत जातो आणि शेवटी नळी फुटून कढत पाक अंगावर उडतो. पाक त्वचेला चिकटून राहतो, त्यामुळे त्याचा चटका पाण्यापेक्षा वाईट. म्हणून या पंपाला सुरक्षा झडप हवीच. ठरलेला दाब ओलांडताच ती उघडते आणि पाक टाकीत परत जातो. दाबाला कमी लेखू नका. २० सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकटीवर दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम दाब असेल, तर एकूण भार ४०० × ३, म्हणजे १२०० किलोग्रॅम होतो!

तिसरा प्रकार पडद्याच्या पंपाचा. यात लवचीक पडदा मागेपुढे हलतो आणि झडपांमुळे द्रव एकाच दिशेने जातो. घासणारे दाते नसल्यामुळे कणांचा त्रास कमी. दाबलेल्या हवेवर चालणारा असेल, तर पाकाचा दाब हवेच्या दाबाइतका होताच तो आपोआप थांबतो. मात्र त्याचा प्रवाह हिसक्याहिसक्याने येतो आणि थर हलू शकतो. हवा दाबणारे यंत्रही लागते. थोडा पाक करणाऱ्यांना हाताने चालवायचा पडद्याचा पंप पुरतो. दांडा जड लागू लागला, की गाळणी तुंबत आल्याचे हातालाच कळते.

पंप कोणताही घ्या, दोन गोष्टी पाहायलाच हव्यात. त्याचे रबर आणि जोड १०० अंशांच्या आसपास टिकणारे हवेत, आणि पाकाला लागणाऱ्या धातूत शिसे नसावे. जुन्या पितळी व काशाच्या पंपांत ते असू शकते.

तेव्हा 'सर्वांत चांगला पंप कोणता?' हा प्रश्नच अपुरा आहे. द्रव कोणता, किती गरम, त्यात कण कसले आणि टाकी कुठे, हे आधी विचारावे.

घरी एक प्रयोग करा. सुई काढलेल्या पिचकारीत साधारण ६० अंशांचे पाणी निम्मे भरा, हवा पूर्ण घालवा, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या मागे ओढा. पाणी उकळताना दिसेल! (पाणी गरम असल्याने मोठ्यांना सोबत घ्या.) आणि एक गणित: महाबळेश्वरला वातावरणाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ६५ सेंटिमीटर असतो. ९० अंशांचा हाच पाक तिथे जास्तीत जास्त किती उंच चढेल? कागद-पेन्सिल घ्या आणि काढा उत्तर.