बिनतारी संवेदक जाळ्यातील मार्गनिश्चिती : शिवाजी पार्कच्या संदर्भात

धूळ, तापमान, आर्द्रता यांची नोंद घेऊन ती एकमेकांमार्फत मुख्य केंद्राकडे पोहोचविणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या लहान उपकरणांच्या समूहास बिनतारी संवेदक जाळे म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात ‘ॲग्रीसेन्स’ हे असे जाळे उभारले होते. प्रत्येक संवेदकाची बॅटरी वारंवार बदलणे व्यवहार्य नसल्याने माहिती कोणत्या मार्गाने न्यावी, यावरच जाळ्याचे आयुष्य अवलंबून राहते.

दादरच्या शिवाजी पार्कवरील लाल मातीच्या धुळीबाबत रहिवाशांची तक्रार जुनी आहे. तेथे धूळमापक संवेदक बसविले आणि सर्वांत दूरचा संवेदक केंद्रापासून ३०० मीटरवर आहे, असे उदाहरणादाखल मानू या. हाइन्झेलमन, चंद्रकासन व बालकृष्णन यांनी २००० साली ‘लीच’ ही पद्धत मांडताना वापरलेल्या प्रतिमानानुसार एक बिट पाठविण्यास ५० नॅनोज्यूल व त्याखेरीज अंतराच्या वर्गाच्या ०.१ पट नॅनोज्यूल, तर तो स्वीकारण्यास ५० नॅनोज्यूल ऊर्जा लागते. थेट पाठविल्यास हा खर्च ९०५० नॅनोज्यूल होतो. १०० मीटरचे तीन टप्पे केल्यास तो ३२५० आणि ३० मीटरचे दहा टप्पे केल्यास १८५० वर येतो. मात्र १० मीटरचे तीस टप्पे केले, तर तो पुन्हा ३२५० होतो. मधल्या प्रत्येक संवेदकाला माहिती स्वीकारावीही लागते, हे त्याचे कारण.

एकूण खर्च कमी झाला तरी केंद्रालगतच्या संवेदकांवर सर्वांचा भार पडतो व ते आधी निकामी होतात. यावर ‘लीच’मध्ये संवेदकांचे गट करून गटप्रमुखाचे काम आळीपाळीने दिले जाते, गटप्रमुख नोंदी एकत्र करून संक्षिप्त माहिती पुढे पाठवितो. ऊर्जा वाचते खरी, पण एखाद्याच खिडकीसमोर उडणारी धूळ सरासरीत बुजून जाते. तक्रारीचा पुरावा नेमका तोच असेल, तर ही काटकसर महाग पडते. अशा ठिकाणी गटातील सर्वोच्च नोंदही सोबत पाठविणे इष्ट.

प्रत्यक्षातील रेडिओ वरील गणित काटेकोरपणे पाळत नाहीत. या क्षेत्रात बहुवापरात राहिलेल्या सीसी २४२० या चिपला पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करताना १७.४ मिलिअँपिअर, तर ग्रहण करताना १८.८ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे ऐकणे बोलण्याहून खर्चिक! त्यामुळे मार्ग कितीही उत्तम निवडला, तरी संवेदकांना ठरावीक वेळी झोपविण्याची व्यवस्था नसेल, तर त्याचा उपयोग थोडाच.

शिवाजी पार्कवर आणखी एक अडचण संभवते. ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, तेथे लाखोंचा जनसमुदाय जमतो. मानवी शरीरातील पाणी २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषून घेते. आदल्या दिवशी उत्तम ठरलेला दुवा त्या दिवशी बहुतांश संदेश गमावू शकतो. २००३ साली मांडलेला ‘ईटीएक्स’ हा निकष म्हणूनच अंतराऐवजी एक संदेश यशस्वीपणे पोहोचण्यासाठी सरासरी किती वेळा पाठवावा लागतो, ते मोजतो. दोन टप्प्यांच्या मार्गावर प्रत्येक संदेश चार-चार वेळा पाठवावा लागत असेल, तर एकूण आठ प्रक्षेपणे होतात. कट्ट्याच्या कडेने जाणारा पाच निर्दोष टप्प्यांचा लांबचा मार्ग पाचांतच काम भागवितो.