चार किलोचीही नाही ही खार, तरी वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये भल्याभल्यांना पुरून उरली! पोकेमॉनमधल्या पाचिरिसूची गोष्ट

पिकाचू आपल्याकडच्या पोरासोरांना माहीत आहे. कार्टून हिंदीत लागायचं तेव्हापासून. पण त्याच खेळात पाचिरिसू नावाची एक खार आहे. पांढरं अंग, त्यावर निळा पट्टा, अंगापेक्षा मोठी झुपकेदार शेपटी. उंची ४० सेंटिमीटर, वजन ३.९ किलो. कार्टूनमध्ये डॉन नावाच्या मुलीकडे ती होती. बघितलं की गोंजारावंसं वाटतं, लढाईला न्यावं असं कुणालाच वाटत नाही.

आणि ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात झालेल्या पोकेमॉन वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये दक्षिण कोरियाचा सेजून पार्क हीच खार घेऊन उतरला. मोठ्या गटात तो जगज्जेता झाला. बघणारे आधी हसले असतील तर नवल नाही. कारण काय, ते आकड्यांवरून कळतं.

कागदावर अगदीच कमजोर

या खेळात प्रत्येक प्राण्याला सहा आकडे असतात: हेल्थ, हल्ला, बचाव, खास हल्ला, खास बचाव आणि वेग. पाचिरिसूची बेरीज ४०५ होते. गारचॉम्प नावाचा ड्रॅगन आहे, त्याची ६००. हल्ल्याचा आकडा बघा, गारचॉम्पचा १३० आणि खारीचा फक्त ४५. म्हणजे हिच्या हातून कुणी मरायचं म्हटलं तर अख्खा दिवस जाईल.

मग जिंकली कशी? ती मारायला गेलीच नव्हती.

"मला मार, त्याला सोड"

या स्पर्धेत लढाई जोडीची असते. खेळाडू सहा प्राणी आणतो, त्यातले चार निवडतो आणि मैदानात एका वेळी दोन उतरवतो. समोरही दोन. पाचिरिसूकडे 'फॉलो मी' नावाची चाल आहे. ती वापरली की त्या फेरीत समोरच्यांनी शेजारच्या जोडीदारावर नेम धरून केलेले हल्ले वळून खारीवरच येतात. जोडीदार मात्र मोकळा, त्यानं निवांत आपला डाव साधायचा.

पार्कच्या संघात गारडोस होता. पाण्यातला अजस्र प्राणी, ताकद भरपूर, पण विजेपुढे हतबल. पाणी आणि उडणारा असे दोन प्रकार त्याच्यात एकत्र असल्यानं विजेचा हल्ला त्याला चौपट लागतो. एक झटका आणि खेळ खलास. म्हणून समोरचा खेळाडू गारडोस दिसला की आधी वीजच काढतो.

इथे पार्कचं डोकं दिसतं. पाचिरिसू स्वतः विजेची. तिच्यात 'व्होल्ट अॅब्सॉर्ब' नावाचा गुण असला तर विजेचा हल्ला तिला लागतच नाही, उलट पाव हेल्थ भरून येते. म्हणजे समोरच्यानं गारडोसवर वीज सोडली, ती वळून खारीकडे आली आणि खार आणखी ताजीतवानी! समोरच्याचं मोठं हत्यार हिचं औषध झालं.

हे काम दुसरे प्राणीही करत होते. अमूंगस नावाची अळंबी त्यासाठी बरीच वापरली जायची. पण तिची चाल भुकटीची, आणि २०१३ मध्ये आलेल्या एक्स आणि वाय या खेळांपासून गवत प्रकारच्या प्राण्यांवर भुकटी चालत नाही. खारीच्या चालीला ती अडचण नव्हती.

ताकद लागत नाही अशी मारामारी

बाकीच्या चालीही तशाच निवडलेल्या. 'सुपर फँग' समोरच्याची असेल तेवढी हेल्थ निम्मी करते. मारणारा पैलवान असो की पाप्याचं पितर, निम्मी म्हणजे निम्मी. इथे ४५ चा आकडा आडवा येतच नाही. 'नझल' म्हणजे गाल घासणं. मार नावापुरता, पण समोरच्याला हमखास लकवा. त्या वेळच्या नियमानं लकव्यानं वेग एकदम पावपट व्हायचा, शिवाय अधूनमधून फेरी वाया. चौथी चाल 'प्रोटेक्ट', स्वतःचा बचाव.

प्राण्याला तयार करताना खेळाडूला वाटायला काही गुण मिळतात. पार्कनं ते मार देण्यावर खर्च न करता मार सोसण्यावर लावले. हातात सिट्रस बेरी दिली. हेल्थ अर्ध्यावर आली की ती खाऊन पाव हेल्थ परत मिळते. त्यामुळे एका फटक्यात संपेल असं वाटणारी खार पुन्हा उभी राहायची आणि समोरच्याची आणखी एक फेरी तिच्यावर वाया जायची. जोडीच्या लढाईत एक फेरी म्हणजे फार मोठी गोष्ट.

मग सगळ्यांनी हीच का घेऊ नये?

कारण तिला तोडही आहे. एकाच वेळी दोघांना लागणारे हल्ले 'फॉलो मी'नं वळत नाहीत. 'अर्थक्वेक' म्हणजे भूकंप तसाच, आणि जमिनीचे हल्ले विजेच्या प्राण्याला दुप्पट लागतात. 'टाँट' करून, म्हणजे डिवचून, ही चालच बंद पाडता येते. शेजारी गारडोससारखा जोडीदार नसेल तर खारीनं मार ओढून उपयोग काय? कबड्डीत एखाद्यानं रेडरचा पाय धरला आणि बाकीचे धावलेच नाहीत, तर धरणाराच बाद होतो. तसंच.

मोबाईलवर 'पोकेमॉन गो' खेळणाऱ्यांना आता ही खार हवीशी वाटेल. पण त्या खेळात ती कॅनडा, अलास्का आणि रशिया या थंड मुलखात सापडते. आपल्या शिवारात फिरून पायच दुखतील. कुणाकडून अदलाबदलीत मिळालीच, तरी तिथली खेळाडूंमधली लढत एकास एक असते. शेजारी वाचवायला कुणी नसतं, त्यामुळे 'फॉलो मी'चा हा डाव तिथे चालत नाही.