एकत्र थांबण्याची शिस्त : क्वेकर सभा, नर्मदाकाठ आणि सेवाग्राम

मुंबईहून इगतपुरी, नाशिक, लासलगाव, मनमाड असा भुसावळ-खंडव्याकडे जाणारा लोहमार्ग १८७० साली जबलपूरपर्यंत सलग जोडला गेला, आणि त्यानंतर चारच वर्षांनी, या मार्गावरील इटारसीपासून जवळच असलेल्या नर्मदाकाठच्या होशंगाबादेत इंग्लंडमधील एका लहानशा ख्रिस्ती पंथाने आपले ठाणे उभारले. या पंथाचे अधिकृत नाव ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’, म्हणजे मित्रांचा धर्मसमाज. लोकांच्या तोंडी मात्र त्याचे ‘क्वेकर’ हेच नाव रुळले. इटारसी, सोहागपूर, सिवनी-मालवा या गावांतून त्यांचे काम पसरले, पण लोहमार्गाच्या अलीकडच्या, मराठी मुलखात त्यांची मंडळी म्हणावी अशी रुजली नाही. असे असूनही मराठी वाचकाने या पंथाकडे बारकाईने पाहावे असे सबळ कारण आहे, कारण एकत्र बसून गप्प राहण्याची आणि त्या गप्प राहण्यातून निर्णयाप्रत येण्याची जी रीत क्वेकरांनी साडेतीन शतके जपली, तिच्याशी नाते सांगणारे प्रयोग सेवाग्रामपासून गडचिरोलीपर्यंत महाराष्ट्राच्या भूमीवर झालेले आहेत.

पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स हा १६२४ साली इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यात एका विणकराच्या घरी जन्मला. यादवी युद्धाने आणि धर्मवादाने देश ढवळून निघालेला असताना गावोगावच्या धर्मोपदेशकांकडे मनःशांती शोधत फिरलेल्या या तरुणाला अखेर असे उमगले की ईश्वराचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या अंतरंगात आहे आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पुरोहिताची मध्यस्थी लागत नाही. या ‘अंतःप्रकाशा’च्या कल्पनेतून पुढचे सर्व काही निघते. प्रकाश सर्वांत असेल तर पगारी धर्मगुरू कशाला, बाप्तिस्म्याचे पाणी आणि प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षरस ही बाह्य चिन्हे तरी कशाला, स्त्रीने सभेत का बोलू नये, सरदारापुढे टोपी का काढावी, आणि नेहमीच खरे बोलणाऱ्याने न्यायालयात वेगळी शपथ का घ्यावी, असे प्रश्न फॉक्सच्या अनुयायांनी विचारले आणि त्यांची किंमत तुरुंगात मोजली. १६६२ आणि १६६४ च्या कायद्यांनी त्यांच्या सभा बेकायदा ठरवल्या. १६७० मध्ये लंडनमधील सभाघराला टाळे लागले तेव्हा ते रस्त्यावरच जमले. तेथे पकडल्या गेलेल्या विल्यम पेनला दोषी ठरवण्यास ज्यूरीने, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या नागरिक-पंचांनी, उपाशी कोंडले तरी नकार दिला आणि त्या प्रकरणातून पंचांना त्यांच्या निर्णयाबद्दल शिक्षा करता येत नाही हे तत्त्व इंग्रजी न्यायव्यवस्थेत कायमचे ठरले.

क्वेकर उपासनेचे मूळ रूप दिसायला अत्यंत साधे आहे. सभाघरात वेदी नसते, मूर्ती किंवा क्रूस नसतो, वाद्य नसते. बाके किंवा खुर्च्या एकमेकांसमोर किंवा गोलाकार मांडलेल्या असतात आणि मध्ये फार तर एक मेज, त्यावर फुले आणि एखाद-दुसरे पुस्तक. उपासना सुरू झाली असे कोणी जाहीर करत नाही, कारण पहिला माणूस येऊन शांत बसला की ती सुरू झालेलीच असते. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे खुर्च्यांची कुरकुर, कोणाचा खोकला, दाराची उघडझाप यांत जातात. मग हळूहळू सभा स्थिरावते. सुमारे तासाभराच्या या मौनात एखाद्याला आतून असे तीव्रतेने वाटले की आपल्याला काही सांगायला हवे, तर तो किंवा ती उभी राहते, दोन-चार मिनिटे बोलते आणि खाली बसते. या बोलण्याला उत्तर द्यायचे नसते, त्याचे खंडन किंवा कौतुक करायचे नसते, आणि पुढचे कोणी उठण्यापूर्वी ते शब्द मुरायला पुरेसा अवधी जाऊ द्यायचा असतो. उठण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला तपासायचे असते की सुचलेले हे आपल्यापुरते आहे की सर्वांसाठी, आणि ते बोलण्याची हौस त्यात किती आहे. कित्येकदा तासभर कोणीच बोलत नाही, आणि त्यामुळे ती सभा वाया गेली असे कोणी मानत नाही. शेवटी त्या दिवसासाठी नेमलेले दोन ज्येष्ठ सभासद हस्तांदोलन करतात, मग शेजारी शेजाऱ्याशी हात मिळवतो, सूचना सांगितल्या जातात आणि मंडळी चहाकडे वळतात.

हे मौन म्हणजे ध्यान नव्हे, आणि हा भेद नाशिक जिल्ह्यातील वाचकाला चटकन कळण्यासारखा आहे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे चालतात. तेथे शेकडो साधक एका दालनात बसतात, परंतु प्रत्येकाचे काम ज्याचे त्याचे असते आणि आर्यमौनाचा हेतू साधकाला इतरांपासून मोकळे ठेवणे हाच असतो. क्वेकर मौन याच्या उलट बाजूने चालते. ते मुळातच सामुदायिक आहे, त्यात शेजारच्या माणसाचे असणे हा अडथळा नसून आधार आहे, आणि ते शब्दाला मनाई करत नाही तर शब्दाची वाट पाहते. वारकऱ्याला पुरोहिताविना देवाशी बोलण्याची कल्पना नवी नाही. पण त्याची भक्ती टाळ, मृदंग आणि नामघोषातून वाहते, तर येथे तीच जवळीक न बोलता साधायची असते. जगभरच्या सर्वच क्वेकरांची उपासना अशी असते असे मात्र नाही. आज जगात साडेतीन ते चार लाख क्वेकर आहेत, त्यांपैकी सर्वाधिक केनियात आहेत, आणि तेथे तसेच अमेरिकेच्या मोठ्या भागात पाळक, प्रवचन आणि गीते असलेली ठरीव उपासना चालते.

मौनाची खरी कसोटी लागते ती व्यवहाराच्या सभेत. स्थानिक मंडळींची मासिक सभा आणि देशाची किंवा प्रांताची वार्षिक सभा अशी क्वेकर समाजाची रचना आहे, आणि निधी, इमारत, नवे सभासद, विवाह, युद्धाविषयीची भूमिका असे सारे प्रश्न या सभांत सुटतात. पण कोणत्याही पातळीवर मतदान होत नाही. सभेचा जो लेखनिक असतो तो अध्यक्षाचेही काम करतो. सभा मौनाने सुरू होते, विषय मांडला जातो, माणसे एकेक करून, मध्ये थांबत बोलतात, आणि लेखनिकाने बहुमत मोजायचे नसते तर सभेचा एकूण कल कोठे ठरतो आहे ते ओळखायचे असते. तो कल शब्दांत उतरवून इतिवृत्त तेथल्या तेथे वाचून दाखवले जाते, त्यात सभासद दुरुस्त्या सुचवतात आणि सर्वांना पटेल असा मजकूर झाला की तोच निर्णय होतो. एकवाक्यता होत नसेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. एखादा सभासद स्वतः सहमत नसला तरी सभेच्या वाटेत उभे न राहण्याचे ठरवू शकतो, पण त्याचा विरोध मनापासूनचा असेल तर बाकीच्यांना थांबावे लागते, कारण सत्य एकट्याच्याच पदरात असण्याची शक्यता या पद्धतीने गृहीत धरलेली आहे.

या थांबण्याची किंमत किती मोठी असू शकते हे गुलामगिरीच्या प्रश्नावर दिसून आले. पेनसिल्व्हेनियातील अनेक संपन्न क्वेकर स्वतः गुलाम बाळगत होते. जॉन वुलमन हा न्यू जर्सीतील शिंपी, अंगावर रंगवलेले कापडही न घालणारा साधा माणूस, वर्षानुवर्षे घरोघर जाऊन मालकांशी शांतपणे बोलत राहिला आणि ज्या घरात गुलाम सेवा करत तेथे पाहुणचार घेतला तर त्या सेवेचा मोबदला देऊ लागला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७५८ साली गुलामांच्या खरेदी-विक्रीविरुद्ध ठाम भूमिका घेतली, तरी गुलाम बाळगणाऱ्याला सभासदत्व नाही असे ठरायला १७७६ उजाडले आणि तोवर वुलमन हयात नव्हता. त्या अठरा वर्षांत जे गुलाम राहिले त्यांच्या बाजूने पाहता हा विलंब समर्थनीय ठरत नाही. पण अमेरिकेत हा प्रश्न यादवी युद्धाच्या रक्तपातातून सुटण्याच्या कितीतरी आधी एका संपूर्ण समाजाने आपल्याच मालमत्तेवर पाणी सोडले, हेही तितकेच खरे आहे.

समाजजीवनाच्या इतर रीतीही याच मुशीतल्या आहेत. विवाहात वधू-वर मौनसभेत उभे राहून स्वतःच एकमेकांना वचन देतात आणि लहान मुलांसह उपस्थित सर्वजण साक्षीदार म्हणून विवाहपत्रावर सह्या करतात. १७५३ च्या इंग्लंडच्या विवाह कायद्याने क्वेकर आणि ज्यू यांना अपवाद करून ही रीत अबाधित ठेवली. सभासदांच्या आजारपणाची, कर्जाची, घरातील तंट्याची विचारपूस करण्याचे काम काही सभासदांकडे ठराविक काळासाठी सोपवले जाते. पाद्री नसल्यामुळे जी कामे अन्यत्र एकट्याच्या माथी असतात ती येथे वाटून घ्यावी लागतात, आणि लहान मंडळींमध्ये हा भार जाणवण्याइतका मोठा असतो.

व्यापारातील सचोटी हा या उपासनेचाच विस्तार आहे, आणि लासलगावसारख्या बाजारपेठेच्या गावी त्याचे मोल वेगळे सांगायला नको. घासाघीस म्हणजे विकणाऱ्याने जास्त आणि घेणाऱ्याने कमी असे दोघांनी खोटे बोलणे, म्हणून आरंभीच्या क्वेकर दुकानदारांनी मालाचा एकच भाव सांगायला सुरुवात केली. लहान मूल पाठवले तरी फसणार नाही हे लोकांच्या लक्षात आल्यावर त्यांची दुकाने भरू लागली, आणि पुढे कॅडबरी, राउन्ट्री, फ्राय ही चॉकलेटची घराणी तसेच बार्कलेज आणि लॉइड्स या बँका क्वेकर कुटुंबांतूनच उभ्या राहिल्या. आपल्याकडे रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जी जुनी ‘हत्ता’ पद्धत होती, तिच्यात ज्याचा माल त्यालाच भाव कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्याने ती मोडून उघड लिलाव आणला. १९४७ साली स्थापन झालेल्या लासलगाव बाजार समितीच्या आवारात आजही कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगांमधून व्यापारी चालत जातात, मूठभर कांदा उचलून पाहतात, आणि शेतकऱ्याच्या देखत बोली पुकारली जाते. एकच भाव आणि वाढती बोली या दोन भिन्न रीती आहेत, शेतकऱ्याच्या पदरी न्याय्य दर पडेलच अशी हमी दुसरीत नाही. तरी भाव सर्वांसमक्ष बोलला गेला पाहिजे हा आग्रह दोहोंत समान आहे. क्वेकरांकडे तो कायद्याने आला नाही, रविवारच्या मौनातून आला.

भारतात पहिली क्वेकर मिशनरी रेचेल मेटकाफ १८६६ साली बनारसला पोहोचली, पण काम स्थिरावले ते होशंगाबादेत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला तेव्हा शेकडो अनाथ मुले मिशनच्या आश्रयाला आली, त्यांच्यासाठी शाळा आणि कामशाळा निघाल्या, आणि १९०७ साली ‘मिड-इंडिया इयर्ली मीटिंग’ ही वार्षिक सभा स्थापन झाली. येथेच एक अवघड पेच होता. ज्या पंथाचा कणा समान माणसांच्या परस्परविश्वासावर उभा आहे, त्याचे येथील सभासद मोठ्या संख्येने मिशनच्या अन्नावर वाढलेले आणि मिशनच्याच नोकरीत असलेले होते. अन्नदात्यासमोर मनापासून असहमत होणे कोणालाही सोपे नसते. म्हणून नर्मदाकाठच्या क्वेकर कार्याचे अधिक टिकाऊ फळ उपासनामंदिरापेक्षा होशंगाबादजवळच्या रसूलियातील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’मध्ये शोधणे योग्य ठरते. या केंद्राने ‘किशोर भारती’ संस्थेच्या साथीने १९७२ साली सोळा सरकारी शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला, ज्यात मुले पाठांतर न करता प्रयोग करून, निरीक्षणावर वर्गात चर्चा करून निष्कर्ष काढत. तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला, परंतु भारतीय शालेय विज्ञानशिक्षणावर त्याचा ठसा उमटलेला आहे.

महाराष्ट्राशी क्वेकरांचा जिव्हाळा जडला तो गांधीजींमुळे. प्रिटोरियात १८९३ साली त्यांना भेटलेला कोट्स हा तरुण क्वेकर त्यांच्या गळ्यातील तुळशीची कंठी तोडायला निघाला होता आणि आईने घातलेली म्हणून त्यांनी ती तोडू दिली नाही, ही हकीकत आत्मचरित्रात आहे. पुढच्या पिढीतील क्वेकर मित्र मात्र माळ तोडायला आले नाहीत. १९३० च्या मार्चमध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयला पाठवलेले पत्र रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण क्वेकराने दिल्लीला नेले. हॉरेस अलेक्झांडर आणि अ‍ॅगाथा हॅरिसन यांनी लंडन आणि दिल्ली यांच्यातील संवाद तुटू नये म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. क्वेकरांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन सेवासंस्थांना १९४७ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, आणि १९४९ च्या डिसेंबरमध्ये जगभरचे शांततावादी शांतिनिकेतन आणि सेवाग्राम येथे जमले.

त्याच वर्षी मार्जोरी साइक्स ‘नई तालीम’ या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी सेवाग्रामला आल्या. यॉर्कशायरमध्ये १९०५ साली जन्मलेल्या, १९२८ पासून मद्रासमध्ये शिकवणाऱ्या आणि तेथेच क्वेकर झालेल्या साइक्सबाईंनी भारताचे नागरिकत्व घेतले, आणि पुढचे जवळजवळ दशक त्यांनी वर्ध्याच्या उन्हात सूतकताई, शेती, सफाई आणि शिक्षण यांची सांगड घालण्यात घालवले. सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेतही सामुदायिक मौनाला स्थान आहे. शांत बसण्याची सवय आणि हाताने काम करण्याची सवय या दोन्ही जेथे एकत्र नांदत होत्या, तेथे क्वेकर बाईला परके वाटण्याचे कारण नव्हते. त्यांनी कोणालाही क्वेकर केले म्हणून त्या ओळखल्या जात नाहीत, आणि हेच त्यांच्या कामाचे मोठेपण आहे.

रसूलियाचे डोनाल्ड ग्रूम विनोबांच्या भूदान पदयात्रेत सहभागी झाले, आणि विनोबांचा सर्वसंमतीचा आग्रह हा क्वेकर सभासदाला ओळखीचा वाटावा असाच होता. या आग्रहाचे आज महाराष्ट्रात दिसणारे ठळक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाचे आहे. गावचे नेते देवाजी तोफा आणि सर्वोदयी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात घडलेल्या या गावाने क्वेकरांकडून काही घेतले असे नाही. त्याची मुळे गोंडांच्या गावसभेत आणि विनोबांच्या ग्रामस्वराज्यात आहेत. येथील ग्रामसभा मतदानाने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते, एकमत न झाल्यास विषय पुढच्या सभेवर ठेवते, आणि निर्णयाआधी माहिती मिळवून प्रश्नाच्या सर्व बाजू तपासण्यासाठी अभ्यास गट चालवते. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवल्यानंतर या गावाला आपल्याच बांबूच्या वाहतूक परवान्यांसाठी आणखी दोन वर्षे वन खात्याशी झगडावे लागले, आणि २०११ मध्ये परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली. पुढे २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आपल्या शेतजमिनी ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले, तेव्हा तोही निर्णय एकेका घराची संमती मिळेपर्यंत थांबूनच झाला.