चौफुल्यावरची ताजी फुलं

शेरलॉक होम्सच्या ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मुळे डार्टमूर हे नाव आपल्यापैकी अनेकींच्या ओळखीचं. धुकं, दलदल आणि ते भयंकर कुत्रं! पण इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात पसरलेला हा ९५४ चौरस किलोमीटरचा उंच माळ नुसता भीतिदायक नाही. १९५१ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. टेकड्यांच्या माथ्यावर ग्रॅनाइटचे उघडे खडक, त्यांना इथे ‘टॉर’ म्हणतात. आजूबाजूला मोकळी चरणारी ठेंगणी तट्टं. ग्रिम्सपाउंडला तर दगडी कुंपणाच्या आत कांस्ययुगातल्या २४ गोल घरांच्या खुणा अजून दिसतात.

अशा मुलखात दगडादगडाला गोष्ट असणारच. मॅनटन गावाजवळ एक उभा सुळका आहे. तो म्हणे बोवरमन नावाचा शिकारी. चेटकिणींच्या वाटेला गेला आणि त्यांनी त्याचा दगड करून टाकला!

मनाला चटका लावते ती मात्र हाउंड टॉरजवळच्या रस्त्याकडेच्या एका थडग्याची कथा. अठराव्या शतकाच्या अखेरची. कुणी तिला किटी म्हणतं, कुणी मेरी. आडनाव जे. निराधारांच्या आश्रमात वाढलेली ही पोर शेतावर कामाला आली. मालकाच्या मुलानं फसवलं, दिवस गेले, बोल मात्र तिलाच लागला. शेवटी तिनं जीव दिला.

आत्महत्या करणाऱ्याला तेव्हा चर्चच्या आवारात रीतसर जागा मिळत नसे. चौफुल्यावर पुरायचं, म्हणजे भुताला घरची वाट सापडणार नाही, अशी समजूत. १८२३च्या कायद्यानं ही प्रथा थांबली. १८६०मध्ये इथे खणताना खरोखरच हाडं सापडली. जेम्स ब्रायंट यांनी ती पेटीत ठेवून तिथेच नीट पुरली आणि वर दगड रचले.

आज तिथे जावं तर फुलं ठेवलेली दिसतात. सोबत नाणी, शिंपले. कुणी म्हणतं, पिक्सी म्हणजे तिथल्या पऱ्या रात्री ठेवून जातात. कुणी म्हणतं, लेखिका बिआट्रिस चेज ठेवायच्या. पण त्या १९५५मध्येच गेल्या, फुलं मात्र थांबली नाहीत. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकीच कुणीतरी ती ठेवत असणार.

बहुतेक कथांमध्ये त्या मालकाच्या मुलाचं नावसुद्धा येत नाही. जिला गावानं वेशीबाहेर टाकलं, तिचं नाव मात्र आज नकाशावर आहे : ‘जेज ग्रेव्ह’. उशिरा का होईना, लोकांनी तिची बाजू घेतली. फक्त ती जिवंत असताना एकानं जरी घेतली असती तर?