पिकअपचे पाटे वाढवण्यापूर्वी : शेतमाल वाहतुकीसाठी सस्पेन्शनची निवड आणि बसवणी

टोमॅटो, द्राक्ष, डाळिंब, केळी, स्ट्रॉबेरी या पिकांमध्ये काढणीपर्यंत आपण प्रत्येक फळाची काळजी घेतो. मात्र शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटर पाणंद रस्त्यावर क्रेटमधील माल किती आदळतो, याकडे फारसे लक्ष जात नाही. गाडी मागून बसू लागली किंवा जास्त हादरे देऊ लागली, की गॅरेजमध्ये एकच सल्ला मिळतो, "एक पाटा वाढवून घ्या." काही वेळा हा सल्ला योग्य असतो. बऱ्याच वेळा मात्र त्याने गाडी अधिक कडक होते आणि नाजूक मालाचे नुकसान वाढते. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी आपली अडचण नेमकी कोणती, हे ओळखणे गरजेचे आहे.

कोणता भाग काय करतो?

• पाटे : गाडीचा आणि मालाचा भार पेलतात, खड्ड्याचा धक्का दबून घेतात. बहुतेक पिकअपना मागे पाटेच असतात. पुढे काही गाड्यांना पाटे, तर इसुझू डी-मॅक्स, टोयोटा हायलक्स यांसारख्या गाड्यांना कॉईल स्प्रिंग असतात.
• शॉकअप : भार पेलत नाहीत. दबलेला पाटा परत उसळतो, ती उसळी शांत करणे हे त्यांचे काम. शॉकअप गेलेले असतील, तर एका खड्ड्यानंतर गाडी तीन-चार वेळा डोलते.
• बुश आणि शॅकल : पाटा चॅसिसला जोडतात. पाटा दबताना लांब होतो, त्या हालचालीला शॅकल जागा देतो.
• बंप रबर : ॲक्सल थेट चॅसिसवर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा.
• टायर : खड्ड्याचा पहिला धक्का टायरमधील हवाच झेलते.

कडक पाट्याने माल का खराब होतो?

पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे लांबी-रुंदी तीच ठेवून ८ मि.मी. ऐवजी १० मि.मी. जाडीचा पाटा घेतला, तर त्या एका पाट्याचा कडकपणा जवळजवळ दुप्पट होतो. पाटे भाराखाली जितके कमी दबतात, तितके गाडीचे हादरे जलद आणि तीव्र होतात. ढोबळ हिशेबाने, पाटे भाराने १६ सें.मी. दबत असतील तर गाडी सेकंदाला सुमारे सव्वा वेळा डोलते, ४ सें.मी.च दबत असतील तर अडीच वेळा. डोलण्याची उंची तेवढीच राहिली, तर दुसऱ्या गाडीतील फळाला बसणारा हिसका चौपट असतो.

हादरा पुरेसा तीव्र झाला, की वरच्या थरातील फळे क्षणभर क्रेटमध्ये अधांतरी होतात आणि पुन्हा आदळतात. टोमॅटोवर डाग पडतात, द्राक्षाचे मणी गळतात, केळीची साल घासून काळी पडते. थप्पीमध्ये हादरा खालून वर वाढत जातो. त्यामुळे सर्वांत जास्त नुकसान हौद्याच्या मागील भागातील, सर्वांत वरच्या क्रेटमध्ये दिसते. तुमच्या गाडीतही खराब माल प्रामुख्याने याच जागी निघत असेल, तर दोष वाहतुकीत आहे, असे समजावे.

आधी अडचण ओळखा

१) रिकामी गाडी उड्या मारते, भरल्यावर ठीक चालते : पाटे भारासाठी बनवलेले असल्याने थोडे उडणे स्वाभाविक आहे. टायरमधील हवा आणि शॉकअप तपासावेत. पाटा वाढवल्यास हा त्रास वाढेल.
२) भरलेली गाडी खड्ड्यानंतर बराच वेळ डोलते : शॉकअप निकामी झाले असण्याची शक्यता जास्त. शॉकअपवर तेल ओघळल्याच्या खुणा, टायरची एकाआड एक ठिकाणी झालेली झीज, ही त्याची लक्षणे.
३) परवानगीइतकाच भार असूनही गाडी मागून बसते : पाटे थकले आहेत किंवा एखादा तुटला आहे. सपाट जागेवर, रिकाम्या गाडीत, दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजावी. दोन्हीत ठळक फरक असेल, तर कमी उंचीच्या बाजूचे पाटे आधी तपासावेत.
४) जादा भार टाकल्यावरच गाडी बसते : ही सस्पेन्शनची अडचण नाही. भार कमी करणे हाच उपाय.
५) चाकोरीतील मधला उंचवटा गाडीला खालून घासतो : येथे जमिनीपासूनच्या उंचीचा प्रश्न आहे. रस्ता दुरुस्त करता येतो का, ते आधी पाहावे.
६) पावसात काळ्या रानात गाडी रुतते : सस्पेन्शन बदलून फरक पडणार नाही. टायरची नक्षी, चारचाकी जोर आणि वाफसा येईपर्यंत थांबणे, यांवरच ते अवलंबून आहे.

भाराचे गणित मांडा

गाडीच्या आरसीवर एकूण वजन आणि रिकामे वजन नोंदलेले असते. समजा, एकूण वजन २,९०० किलो आणि रिकामे वजन १,६०० किलो आहे. फरक १,३०० किलो. त्यातून चालक व सोबतीचा माणूस मिळून १४० किलो वजा केल्यास १,१६० किलो उरतात. टोमॅटोचा भरलेला क्रेट रिकाम्या क्रेटच्या वजनासह २२ किलोचा धरला, तर ५२ क्रेट बसतात. गाडीवर ताडपत्री, दोर, लोखंडी जाळी, जादा टायर असेल, तर तेही वजा करावे. हा हिशेब स्वतःच्या आरसीवरील आकड्यांनी करून, क्रेटची संख्या केबिनमध्ये लिहून ठेवावी.

पाटा वाढवला म्हणून हा आकडा वाढत नाही. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, चॅसिस आणि टायर तेच राहतात. टायरवरील भार क्रमांक पाहा : १०० म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो. कडक पाट्यामुळे गाडी बसलेली दिसत नाही, इतकेच. टायर आणि ब्रेकवरचा ताण तसाच असतो. उलट, गाडी बसणे ही जादा भाराची जी खूण आपल्याला दिसत होती, तीच नाहीशी होते.

पर्यायांची निवड : कमी खर्चापासून सुरुवात

टायरमधील हवा : गाडीच्या पुस्तिकेत भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी हवेचे आकडे वेगवेगळे दिलेले असतील, तर तसेच पाळावेत. टायर थंड असताना हवा मोजावी. मात्र भरलेल्या गाडीत पुस्तिकेपेक्षा कमी हवा ठेवू नये; टायर तापून फुटण्याचा धोका असतो.

बुश, शॅकल, यू-बोल्ट : झिजलेले बुश आणि सैल यू-बोल्ट यांमुळे खडखडाट होतो, गाडी एका बाजूला ओढते. ही दुरुस्ती स्वस्त आहे आणि पुढील कोणत्याही बदलाआधी करावी.

शॉकअप : नाजूक माल नेणाऱ्या गाडीत पाट्यांच्या आधी याचा विचार करावा. लांबच्या खराब रस्त्यावर साध्या शॉकअपमधील तेल तापून फेसाळते आणि उसळी रोखण्याची ताकद घटते. गॅस भरलेल्या शॉकअपमध्ये फेस कमी होतो. एकेरी नळीचे शॉकअप उष्णता लवकर बाहेर टाकतात, पण दगड लागून नळीला पोचा पडल्यास अडकतात. दगड उडणाऱ्या पाणंदीवर दुहेरी नळीचे, गॅस भरलेले शॉकअप सोयीचे पडतात. एका ॲक्सलवरील दोन्ही शॉकअप एकाच वेळी बदलावेत.

पाट्यांचा नवा संच : पाटे थकले असतील, तर मूळ मापाचाच पूर्ण संच दोन्ही बाजूंना बसवावा. जुने पाटे तापवून वा ठोकून पुन्हा कमान देण्याचा स्वस्त पर्याय टाळावा. पाट्याला कारखान्यात पाणी दिलेले असते. गॅसच्या ज्योतीने तापवल्यास ते उतरते आणि पाटा पुन्हा बसतो किंवा तुटतो. पाट्यावर वेल्डिंग तर कधीच करू नये.

हेल्पर पाटा : हा पाटा गाडी भरल्यावरच टेकतो आणि भार घेतो. रिकामी गाडी पूर्वीइतकीच मऊ राहते. कायम दाबाखाली राहणारा जाड पाटा घालण्यापेक्षा हा पर्याय शेतमालासाठी चांगला. तोही परवानगीच्या मर्यादेतील भारासाठीच.

हवेचे फुगे : ॲक्सल आणि चॅसिस यांच्यामध्ये बसवलेल्या फुग्यांत भारानुसार हवा कमी-जास्त करता येते. जाताना भरलेली आणि येताना रिकामी, अशा फेऱ्यांना ते उपयोगी आहेत. मात्र रिकाम्या गाडीतही फुग्यात किमान हवा ठेवावी लागते. फुगा सायलेन्सरपासून दूर असावा आणि बाभळीच्या काट्यांपासून, दगडांपासून त्याला आडोसा असावा.

गाडी उचलणे : लांब शॅकल लावल्यास शॅकलची जितकी लांबी वाढते, त्याच्या साधारण निम्मीच गाडी उचलली जाते. ५ सें.मी. लांब शॅकलने अडीच सें.मी. उंची मिळते. त्या बदल्यात ॲक्सल फिरतो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर जातात. ब्रेकची नळी ताणली जाते, शॉकअप अपुरे पडतात. उंच थप्पी लावलेली गाडी आधीच वरून जड असते. ती आणखी उचलल्यास बांधावरून उतरताना कलंडण्याचा धोका वाढतो. मालवाहू पिकअपसाठी हा पर्याय शक्यतो टाळावा.

बसवताना घ्यायची काळजी

कॉईल स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत प्रचंड ताणात असते. ते काम अनुभवी कारागिराकडेच द्यावे. पाटे आणि शॉकअपचे काम गॅरेजमध्ये करून घेतानाही पुढील गोष्टी उभे राहून पाहाव्यात.

१) गाडी पूर्ण रिकामी, सपाट व टणक जागेवर असावी. न उचलणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी.
२) काम सुरू करण्यापूर्वी चारही चाकांजवळील उंची मोजून लिहून ठेवावी.
३) चॅसिस मजबूत घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. ॲक्सलला वेगळ्या जॅकचा आधार द्यावा.
४) यू-बोल्ट नवेच वापरावेत. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तितकाच घट्ट बसत नाही.
५) पाट्याच्या सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या खाचेत नीट बसले आहे, याची खात्री करावी. ते चुकले, तर ॲक्सल तिरका राहतो आणि टायर झिजतात.
६) यू-बोल्टच्या नटा एकाच बाजूने न आवळता फुलीसारख्या, थोड्या थोड्या आवळाव्यात. शेवटचा ताण टॉर्क पान्याने, पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे द्यावा.
७) रबरी बुशमधील बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यानंतरच शेवटचे आवळावेत. चाक लटकते असताना आवळल्यास रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.
८) अनेक गाड्यांत मागील ॲक्सलला ब्रेकची दांडी जोडलेली असते, भारानुसार मागील ब्रेकचा जोर ती ठरवते. मागचा भाग उंच झाला, तर ही यंत्रणा गाडी रिकामी आहे असे समजून मागील ब्रेक कमी देते. पाटे बदलल्यावर ती पुन्हा जुळवून घ्यावी.
९) ब्रेकच्या नळ्यांचा ताण, चाकांचे अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत तपासावा.
१०) पहिल्या भरलेल्या फेरीनंतर आणि त्यानंतर सुमारे ५०० कि.मी.वर यू-बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरील नोंदी निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या होतील, असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जादा भारासाठी कलम १९४ नुसार २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही वाहनधारकाकडूनच घेतला जातो. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही हे मुद्दे अडचणीचे ठरतात. मूळ मापाचे सुटे भाग बसवणे ही दुरुस्ती आहे. गाडी उचलण्यासारखा बदल करण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्रात आणि परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी.

फरक पडला का, ते मोजा

सहायक कृषी अधिकारी आणि शेतकरी गटांना ही चाचणी सहज करता येईल. एकाच तोड्यातील, एकाच पक्वतेच्या मालाचे चार क्रेट निवडून त्यांना खूण करावी. एक मागे वर, एक मागे खाली, एक पुढे वर आणि एक पुढे खाली ठेवावा. पाचवा क्रेट शेडमध्येच ठेवावा. प्रवासानंतर माल २४ तास सावलीत ठेवून प्रत्येक क्रेटमधील १०० फळे तपासावीत, कारण आतला मार लगेच दिसत नाही. शेडमधील क्रेटपेक्षा जितकी जास्त फळे खराब निघतील, ते वाहतुकीचे नुकसान. दुरुस्तीपूर्वी आणि नंतर, त्याच रस्त्यावर, तितक्याच भाराने आणि वेगाने ही चाचणी घ्यावी. वाचलेल्या किलोंना बाजारभावाने गुणले, की केलेला खर्च किती फेऱ्यांत वसूल होईल, हे कळते.

यासोबत बिनखर्चाच्या चार गोष्टी पाळाव्यात : क्रेट काठाच्या वर भरू नयेत, थप्पी दोराने घट्ट बांधावी, जास्त वजन मागील ॲक्सलच्या पुढे ठेवावे आणि सर्वांत नाजूक माल पुढील बाजूस, खालच्या क्रेटमध्ये ठेवावा. पाणंदीवर वेग कमी ठेवल्याने होणारा फायदा कोणत्याही महागड्या शॉकअपपेक्षा कमी नाही. आणि रस्ताच खराब असेल, तर गावाने मिळून शेत/पाणंद रस्त्यांच्या शासकीय योजनेत त्याचा प्रस्ताव ग्रामपंचायतीमार्फत द्यावा. पाटे एका गाडीचे सुधारतात. रस्ता सुधारला, तर त्या शिवारातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीतला माल वाचतो.